चोपण माती जिवंत, दुकानातली बाटली मेलेली

सातबाराच्या उताऱ्यावर पोटखराबा म्हणून एक नोंद असते. नाला, खडक, चोपणाचा पांढरा तुकडा, जिथे काही पिकत नाही असे सरकारने एकदा ठरवले, ते सारे क्षेत्र या नोंदीत जाऊन पडते. आजोबाच्या काळी लिहिलेला पोटखराबा नातवाच्या उताऱ्यावरही तसाच असतो. पूर्णेच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर उताऱ्यावर लिहिलेला खराबा थोडा आणि प्रत्यक्षातला मोठा. विहीर खणली तर पाणी खारे. पाऊस पडला तर काळी माती फुगून पाणी आत शिरू देत नाही, आणि उघडीप झाली की अशी भेगाळते की हात आत जावा. महाराष्ट्रात क्षारांनी बिघडलेली अशी जमीन सुमारे सहा लाख हेक्टर आहे. गुजरात आणि उत्तर प्रदेशच्या खालोखाल आपला नंबर लागतो. सांगली-कोल्हापुरात उसाला पाणी पाजून पाजून तयार झालेले चोपण वेगळे, कोकणातली खार जमीन वेगळी, आणि पूर्णाकाठचा निसर्गाने दिलेला खार वेगळा. पण तिन्हीकडच्या शेतकऱ्याला ऐकवले जाते ते एकच, "तुमची जमीन मेली."

जमीन मेलेली नाही. पीक येत नाही याचा अर्थ तिथे कोणी जगत नाही असा नव्हे. आणि जे जगते आहे त्याला आज जगाच्या बाजारात किंमत आहे.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. फोटो छापून आले. कोणी चमत्कार म्हणाले, कोणी अपशकुन. वनखात्याने पाण्याचे नमुने तपासायला पाठवले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उत्तर दिले ते साधे होते. पाणी आटले, खारटपणा वाढला आणि मिठातच ज्यांना सुख वाटते असे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव माजले. शास्त्रज्ञ त्यांना जीवाणूंपासून वेगळे काढून आर्किया म्हणतात. आपल्या कामापुरते ते जंतूच. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास. चांगल्या जमिनीचा साडेसहा ते आठ, आणि साडेआठच्या वर गेला की कृषी अधिकारी चोपण म्हणतो. म्हणजे आपल्या सर्वांत वाईट वावरापेक्षाही लोणारचा काठ वाईट. तरीही तिथे जंतूंचे राज्य आहे. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली लोणारच्या पाण्यातून एक नवीच जात शोधली आणि तिला इंडिबॅक्टर अल्कलीफायलस असे नाव दिले. देशाचे नाव मिळालेला हा जंतू बुलडाणा जिल्ह्याचा रहिवासी आहे, हे जिल्ह्यात किती जणांना ठाऊक आहे?

साबण तेव्हाचा आणि आताचा

लोणारच्या खाराची किंमत आपल्या पूर्वजांना माहीत होती. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीतसुद्धा तिथे साबण आणि काच करायला लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. खार उचलायचा, विकायचा. जंतू कोणाला दिसत नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. आता गंमत अशी झाली आहे की साबणाचाच धंदा, पण खाराऐवजी खारातल्या जंतूवर चालतो.

जपानात कोकी होरिकोशी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ साली एक साधा प्रयोग केला. त्याने तीस परीक्षानळ्यांत धुण्याच्या सोड्यासारखा क्षार घातलेले पोषक पाणी भरले आणि प्रत्येकीत आपल्या संस्थेच्या आवारातली चिमूटभर माती टाकली. रात्रभर ऊब दिली. सकाळी पाहतो तो तीसच्या तीस नळ्यांत जंतू वाढलेले! तोवर शास्त्रज्ञ असे क्षारयुक्त पाणी क्वचितच करून पाहत, म्हणून हे जंतू फारसे कोणाला भेटले नव्हते. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. त्या माणसाकडे लोणारचे विवर नव्हते. अंगणातली माती होती, आणि काय शोधायचे ते डोक्यात पक्के होते.

हे जंतू क्षारात जगतात कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. जंतू आपल्या पेशीच्या आत बाहेरच्याइतका क्षार शिरू देत नाही. सोडियम बाहेर टाकणारे पंप त्याच्या कातडीत बसवलेले असतात आणि आतला सामू तो बराच खाली ठेवतो. पण खाणे तर बाहेरून मिळवायचे. त्यासाठी तो अन्न फोडणारी एन्झाइमे, म्हणजे विकरे, पेशीबाहेर सोडतो. त्या विकरांना पंपाचे संरक्षण नाही. त्यांना उघड्या क्षारातच काम करता आले पाहिजे. धुण्याच्या पावडरीचे पाणीही क्षाराचेच असते. साधे विकर तिथे पटकन मोडते, चोपणातल्या जंतूचे टिकते. १९८७ साली जपानच्या काओ कंपनीने अटॅक नावाची पावडर काढली, तिच्यात मातीतल्या अशाच जंतूचे, सुताची लव साफ करणारे विकर होते. आज घराघरांत जी पावडर "डाग काढते" म्हणून जाहिरात होते, तिच्यातही बहुधा याच घराण्यातली विकरे असतात. शहरातल्या बाईच्या हाताला ही पावडर लागते. तिची मुळे आपल्या चोपणासारख्या मातीत आहेत हे तिलाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही.

मिठात राहणाऱ्या जंतूंची तऱ्हा आणखी वेगळी. पेशीतले पाणी बाहेर ओढले जाऊ नये म्हणून त्यांतले काही एक्टोइन नावाचा पदार्थ आत साठवतात. तो १९८५ साली इजिप्तमधल्या वादी नत्रून या सोड्याच्या तळ्यातल्या जंतूत सापडला. आता तो त्वचेच्या मलमांत आणि डोळ्यांच्या थेंबांत विकला जातो. जंतूला आधी खारट पाण्यात ठेवायचे, मग एकदम गोड्या पाण्यात टाकायचे. तो साठवलेले एक्टोइन ओकून टाकतो. पुन्हा खारट पाण्यात. या रीतीला तिकडे धार काढणे म्हणतात. दुधाचा भाव पाडून घेणाऱ्या आपल्या मंडळींनी ऐकावे असे हे दुग्धउत्पादन आहे.

गरम झऱ्यापासून अकोटपर्यंत

कोरोनाच्या दोन वर्षांत नाकात काडी घालून आरटीपीसीआर तपासणी करून घ्यावी लागली नाही असा माणूस गावात विरळा. त्या तपासणीत जंतूची नक्कल पुन:पुन्हा काढावी लागते आणि प्रत्येक वेळी द्रावण पाणी उकळण्याच्या जवळपास तापवावे लागते. साधे विकर तेवढ्या उष्णतेत मरते. जे मरत नाही ते टॅक नावाचे विकर अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यातल्या जंतूचे आहे. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ साली तो जंतू गोळा केला आणि सार्वजनिक संग्रहात ठेवून दिला, कोणीही न्यावा म्हणून. पुढे केरी म्युलिस यांनी नकला काढण्याची पद्धत शोधली. त्यांना १९९३ चे नोबेल मिळाले. तत्पूर्वी १९९१ साली त्या पद्धतीचे हक्क ३० कोटी डॉलरला विकले गेले होते. झरा ज्या उद्यानात आहे त्याला त्यातला एक पैसा मिळाला नाही.

हे ऐकले की आपल्याकडच्या सभांत लगेच "लूट, लूट" असा गजर होतो. तो होण्यापूर्वी आणखी एक उदाहरण पाहू, कारण ते आपल्या अंगणातले आहे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. हा सत्याग्रह वाचकांना सांगायला नको. त्या प्रकारच्या बियाण्यातला गाजलेला जनुक आला कोठून? अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात ॲग्रोबॅक्टेरियम जातीचा एक जंतू तगून राहिला होता. ज्या विषाने झाडे मरतात त्यातच त्याने संसार मांडला. त्याचा जनुक काढून पिकात घातला गेला. बीटी कापसातला जनुकही मातीतल्या जंतूचाच. म्हणजे जंतूंचे हे सगळे प्रकरण प्रयोगशाळेपुरते आहे असे समजू नये. कापूस उत्पादकाची वीस-बावीस वर्षांची सगळी भांडणे मातीतल्या दोन-तीन जंतूंच्या जनुकांवरूनच झालेली आहेत.

आता लुटीबद्दल. आफ्रिकेतल्या केनियात लोणारसारखी सोड्याची तळी आहेत. तिथल्या जंतूंपासून जीन्स फिकट करायची आणि धुण्याची विकरे तयार झाली आणि विकली गेली. २००४ साली केनियाच्या वन्यजीव खात्याने आवाज उठवला की नमुने नेताना आमची रीतसर परवानगी नव्हती, आमचा हिस्सा कुठे आहे? परवानग्या घेतल्या होत्या असे कंपनीचे म्हणणे होते. वाद रंगला. पण तिथले खाते शहाणे निघाले. २००७ साली त्याने डेन्मार्कच्या नोव्होझाइम्स कंपनीशी करार केला, त्यात स्थानिक लोकांना जंतू वेगळे करण्याचे शिक्षण हासुद्धा एक भाग होता. यलोस्टोननेही १९९७ साली एका कंपनीशी पाच वर्षांत १ लाख डॉलर आणि पुढे रॉयल्टी असा करार केला. तोही कोर्टात अडकला आणि २००० साली सुटला.

आमचे म्हणणे असे, की माती नेली म्हणून मातीतला जंतू संपत नाही. भुईमुगाचे पोते चोरले तर घरातले पोते कमी होते. चिमूटभर माती नेली तर वावरात तितकेच जंतू शिल्लक राहतात, उद्या सकाळी थोडे जास्तच. तेव्हा कोणी जंतू नेतो याचे दु:ख करण्यात अर्थ नाही. धोका आहे तो आपल्याला तोच जंतू वापरण्याची बंदी होईल याचा, किंवा आपल्या सरकारी संस्थेच्या शीतपेटीत तो वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून राहील याचा. पहिल्या धोक्यापासून भारताचा पेटंट कायदा बराच वाचवतो. निसर्गात सापडलेला जंतू केवळ सापडला म्हणून इथे कोणाच्या मालकीचा होत नाही. माणसाने बदल घडवलेल्या जंतूला मात्र २००२ च्या दुरुस्तीनंतर पेटंटची वाट मोकळी आहे. दुसऱ्या धोक्याविरुद्ध कायदा नाही, आणि आपला खरा प्रश्न तोच आहे.

२००२ साली जैवविविधता कायदा आला. त्याची भाषा चांगली आहे. गावाची जैवविविधता समिती असावी, व्यापारासाठी कोणी काही गोळा करील तर तिने शुल्क लावावे, लाभातला वाटा गावाला यावा. २०१४ च्या नियमांनी तो वाटा विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्क्यांदरम्यान ठरवला होता. प्रत्यक्षात काय झाले? कायद्याला सतरा वर्षे झाल्यावर हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० नंतर दरमहा १० लाखांच्या दंडाची तंबी राज्यांना दिली, तेव्हा देशभर समित्या भराभर कागदावर उतरल्या. आपल्या गावच्या समितीत कोण आहे हे वाचकाने उद्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. कदाचित तो स्वत:च सभासद निघेल! अशा यंत्रणेतून खारपाणपट्ट्याला रॉयल्टी मिळेल आणि सगळ्यांची पोरे शिकतील, असे स्वप्न कोणी दाखवत असेल तर आमचा त्याला नमस्कार. चिमूटभर मातीची रॉयल्टी चिमूटभरच असते. होरिकोशीला अंगणात जे सापडले ते उद्या कंपनीला तिच्या अंगणात सापडेल. लोणारवाचून तिचे अडत नाही.

अडते आपलेच

चोपण जमिनीत हरभऱ्याच्या मुळावर गाठी धरत नाहीत. हरभरा हे पीकच खाराला हळवे आणि मुळावर गाठी धरण्याची क्रिया त्याहून हळवी. खारपाणपट्ट्यातला शेतकरी पावसाच्या ओलीवर हरभरा घेतो, कृषी केंद्रातून संवर्धनाचे पाकीट आणतो, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतो, आणि गाठी येत नाहीत. का येत नाहीत?

एक कारण दुकानात आहे. जैविक खते २००६ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली. नियम सांगतो की पातळ खताच्या एका मिलिलिटरमध्ये १० कोटी जिवंत जंतू पाहिजेत, भुकटीच्या एका ग्रॅममध्ये ५ कोटी, आणि तेही मुदत संपेपर्यंत. कोटींचे आकडे आम्हांला हल्ली कोणीही ऐकवतो. आता मे महिना डोळ्यांसमोर आणा. अकोल्याचे ऊन पंचेचाळिसाला टेकलेले, दुकानाला पत्र्याचे छप्पर, आणि खोके छपराला लागून रचलेले. बाटलीवर लिहिलेले असते, "थंड व सावलीच्या जागी ठेवावे." रायझोबियमसारखा बीजुक न धरणारा जंतू त्या भट्टीत किती तगणार? बॅसिलस कुळातले जंतू संकट आले की कठीण कवचाचे बीजुक होऊन पडून राहतात, म्हणून ते बरे टिकतात. पण गाठी बॅसिलस करीत नाही. शेतकरी पूर्ण दाम मोजतो आणि मेलेले जंतू घरी आणतो. बियाणे उगवले नाही तर निदान पंचनामा मागता येतो. जंतू मेले हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून या फसवणुकीची तक्रारही होत नाही.

दुसरे कारण मातीत आहे. पाकिटातला जंतू जिवंत असला तरी तो चांगल्या जमिनीत वाढलेला असतो. २००६ च्या अटींत जिवंत जंतू किती, ओल किती, भेसळ किती हे आले. हा जंतू साडेआठच्या वरच्या सामूत तग धरतो का, असे कोणी विचारले नाही. कोकणातून आणलेला मजूर जसा नागपूरच्या उन्हात पहिल्याच दिवशी बसतो, तशी त्याची गत.

याला उपाय आहे, आणि तो परदेशात नाही. कर्नालची केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था १९६९ पासून याच कामाला वाहिलेली आहे. तिच्या लखनौ केंद्राने तिथल्याच चोपण जमिनीतून खार सोसणारे जंतू वेचून सीएसआर-बायो नावाचे मिश्रण तयार केले. वाट हीच आहे. ज्या मातीत वापरायचे, त्याच मातीतून जंतू उचलायचा. उत्तर प्रदेशच्या उसराचा जंतू पूर्णेच्या काळ्या मातीत चालेलच असे नाही. आपल्याला आपला पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या "खारनाशक जंतू" अशी नवी बाटली बाजारात येईल आणि आमच्याच लेखाचे कात्रण तिच्या जाहिरातीत छापलेले दिसेल. जंतू जमिनीतला खार खाऊन टाकत नाही. खार जायचा तर पाणी निचरले पाहिजे, चर खणले पाहिजेत किंवा सच्छिद्र पाइप पुरले पाहिजेत, आणि सोडियम हटवायला जिप्सम घातले पाहिजे. हे खर्चाचे काम आहे आणि त्याला पर्याय नाही. जंतू करतो ते एवढेच की मुळाभोवती चिकट थर धरून सोडियम अडवतो, घाबरलेल्या झाडात वाढ रोखणारा इथिलीन वायू कमी करतो, अडकलेला स्फुरद मोकळा करतो. झाड तग धरते, थोडी वाढ मिळते. निचरा झालेल्या चोपणात त्याचा उपयोग आहे, पाणी तुंबलेल्या चोपणात नाही. जो कोणी यापेक्षा जास्त सांगेल त्याला दुकानाच्या पायरीवरून परत पाठवावे.

सरकारकडे आमचे मागणे अनुदानाचे नाही. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या आधाराने २००९ पासून सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह उभा राहिला आहे. एक लाखाहून जास्त जंतू तिथे जपलेले आहेत. करदात्याच्या पैशाने जपलेला, खार सोसणारा कोणताही जंतू ज्या गावच्या शेतकरी कंपनीला, महिला बचत गटाला किंवा लहान कारखानदाराला वाढवून विकायचा असेल त्याला तो लागेल तेवढ्या खर्चात, चकरा न मारता मिळाला पाहिजे. ताज्या जंतूला पत्र्याखाली तीन महिने काढावे लागू नयेत याचा हाच सोपा मार्ग आहे. तालुक्यात तयार करा, पंधरा दिवसांत पेरा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या वावरात चाचण्या घ्याव्यात आणि जिथे फरक पडला नाही ते आकडेही छापावेत. फसलेल्या चाचणीची माहिती शेतकऱ्याचे पैसे वाचवते. आणि मुदतीच्या आत बाटली मेलेली निघाली तर जबाबदारी बनवणाऱ्याची आणि साठवणाऱ्याची असली पाहिजे. मात्र नव्या परवान्यांची उतरंड आम्हांला नको. नमुना तपासून निकाल जाहीर करा, बाकी गिऱ्हाईक बघून घेईल.

यात शेतकऱ्याने करण्यासारखे एक काम आहे आणि ते करायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. हरभरा पेरून चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले, की आपल्या चोपण तुकड्यातली चार-सहा झाडे ओल असताना कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढावीत. ओढून काढू नयेत, ओढली की गाठी मातीतच राहतात. मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि गाठी मोजाव्यात. एखादी गाठ नखाने फोडून बघावी. आतून लालसर-गुलाबी निघाली तर ती हवेतला नत्र धरते आहे, हिरवट किंवा पांढरी असली तर नुसती पाहुणी आहे. शेजाऱ्याच्या चोपणात एकही गाठ नाही आणि आपल्या तेवढ्याच खारट तुकड्यात लाल गाठी दिसतात, असे एखादे वावर प्रत्येक तालुक्यात निघेल. त्या वावरात जो जंतू आहे तोच आपल्याला हवा आहे, आणि तो कोठे आहे हे दिल्ली-पुण्याच्या कोणालाही आपल्यावाचून समजणार नाही.

असे वावर सापडले तर गट नंबर, पेरणीची तारीख, बियाण्याला काही चोळले होते की नाही, आणि माती तपासली असल्यास सामूचा आकडा एका कागदावर लिहून जानेवारीच्या जिल्हा बैठकीला आणावा. गाठींसह मूळ आणायचे तर ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी. पिशवीत बांधून ठेवलेले मूळ कुजते. ज्यांनी या हंगामात संवर्धन विकत घेतले त्यांनी रिकामे पाकीट किंवा बाटली फेकू नये. तिच्यावरचा बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि दुकानाची पावती सोबत असावी. दोन्ही याद्या बैठकीत शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या आहेत.